१०२ किलो आणि सहा वर्षांचा मधुमेह: शस्त्रक्रिया, इंजेक्शन की अजून थांबायचं?

प्रश्न: माझं वय ३८, उंची ५ फूट १ इंच, वजन १०२ किलो. सहा वर्षांपासून मधुमेह आहे. मेटफॉर्मिन आणि डॅपाग्लिफ्लोझिन या मधुमेहाच्या गोळ्या चालू आहेत, तरी एचबीए१सी (गेल्या तीन महिन्यांतल्या शुगरची सरासरी सांगणारी चाचणी) ८.९ आलं. रात्री खूप घोरते आणि शाळेत दुपारच्या तासाला वर्गातच डुलकी लागते. डाएटिशियनकडे जाऊन तीनदा वजन उतरवलं, तिन्ही वेळा परत आलं. एक डॉक्टर वजनासाठी जठराची बायपास शस्त्रक्रिया सांगतात, दुसरे स्लीव्ह. तिसरे म्हणाले, आता वजन उतरवणारी इंजेक्शनं आलीत, कापाकापी कशाला? सासूबाईंचं म्हणणं, तोंड आवरलं की झालं. आम्ही शाकाहारी आहोत. शस्त्रक्रियेने मधुमेह जाईल का? वजन परत येईल का? मेडिक्लेममध्ये बसेल का?

उत्तर:

ताई, आधी सरळ उत्तर देतो, कारणं मग. तुमचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजन किती ते सांगणारा आकडा, साडेबेचाळीस भरतो. त्यात आटोक्यात न आलेला मधुमेह आणि झोपेत श्वास अडकत असल्याची दाट शंका. शस्त्रक्रियेचे निकष कुठलेही लावा, तुम्ही त्यांत काठावर नाही, चांगल्या आत बसता. माझी सख्खी बहीण हे आकडे घेऊन आली असती, तर 'अजून वर्षभर बघू' असं मी तिला म्हटलं नसतं. वजन पुढच्या वर्षीही कदाचित १०२ च राहील. पण मधुमेह सहाचा सात वर्षांचा होईल आणि या शस्त्रक्रियेचा तुमच्यासाठीचा सगळ्यात मोठा फायदा मधुमेहाच्या प्रत्येक वर्षागणिक घटत जातो. बहुतेक रुग्ण 'किती किलो उतरतील' एवढंच विचारतात. मी मात्र पहिल्या भेटीत मधुमेहाला किती वर्षं झाली ते विचारतो आणि बाकीचं सगळं त्यानंतर.

सासूबाईंचं म्हणणं घरोघरी ऐकायला मिळतं, म्हणून त्यावर थोडं सविस्तर लिहितो. तोंड आवरल्यावर वजन उतरतं हे खरंच आहे. तुम्ही ते तीनदा करून दाखवलंत. प्रश्न ते टिकत का नाही, हा आहे. ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी २०११ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात जाड माणसांना दहा आठवडे अगदी कमी उष्मांकांच्या आहारावर ठेवलं आणि वजन उतरल्यावर त्यांच्या रक्तातली भुकेची संप्रेरकं मोजली. भूक चाळवणारं घ्रेलिन वाढलेलं होतं, पोट भरल्याची खबर देणारी संप्रेरकं घटलेली होती. वर्षभराने पुन्हा मोजलं, तरी ती पूर्वपदावर आली नव्हती. दुष्काळ पाहिलेला शेतकरी कणगी उतरू लागली की दाणा सोडत नाही, तसं शरीर वागतं. त्याला आपण शिक्षिका आहोत की मॅरेथॉनवाल्या, याच्याशी देणंघेणं नसतं. तुम्ही तीनदा हरलात ते या संप्रेरकांपुढे. त्याला आळस किंवा खादाडपणा म्हणू नका आणि कुणाला म्हणूही देऊ नका.

आता शस्त्रक्रियेत नेमकं काय होतं ते सांगतो, कारण 'पोट लहान करतात' एवढंच लोकांना माहीत असतं आणि त्यातूनच पुढचे सगळे गैरसमज होतात.

स्लीव्हमध्ये पोटावर चार-पाच छोटी छिद्रं पाडून दुर्बिणीतून काम चालतं. भूलतज्ज्ञ तोंडावाटे जठरात साधारण बोटाच्या जाडीची एक नळी सरकवतात. त्या नळीला धरून, जठराच्या खालच्या तोंडापासून चार-सहा सेंटिमीटर सोडून, मी स्टेपलर लावत वर सरकतो. एका वेळी सहा सेंटिमीटर कापलं जातं आणि त्याच क्षणी दोन्ही कडांना टायटॅनियमच्या पिनांच्या तिहेरी रांगा बसतात. घाई करायची नाही, दाबून धरून क्षणभर थांबायचं, कारण जठराची भिंत खाली जाड असते आणि वर पातळ होत जाते. अन्ननलिकेजवळ शेवटचा स्टेपलर चालवताना मी अजूनही श्वास रोखतो. तिथे फार जवळ गेलं की गळतीचा धोका, फार लांब राहिलं की तिथे पिशवी उरते आणि दोन-तीन वर्षांत ती फुगते. शेवटी जठराचा सुमारे तीन चतुर्थांश भाग एका छिद्रातून बाहेर काढतो आणि आत केळ्याच्या आकाराची नळी उरते. बाहेर काढलेल्या भागातच घ्रेलिन तयार करणाऱ्या बहुतेक पेशी असतात. म्हणून रुग्ण पहिल्या महिन्यात सांगतात, 'डॉक्टर, भूकच लागत नाही, घड्याळ बघून जेवते.'

बायपासमध्ये जठराच्या वरच्या टोकाला साधारण ३० मिलिलिटरची छोटी पिशवी वेगळी करतात आणि लहान आतड्याचा पुढचा भाग वर आणून तिला जोडतात. उरलेलं जठर आतच राहतं, फक्त अन्न त्याच्याकडे जात नाही. पचनाचे रस बऱ्याच खाली जाऊन अन्नाला भेटतात. अर्धवट पचलेलं अन्न लहान आतड्याच्या खालच्या भागात लवकर पोचल्यामुळे तिथून जीएलपी-१ सारखी संप्रेरकं भरपूर सुटतात. तुमच्या तिसऱ्या डॉक्टरांनी सांगितलेली इंजेक्शनं याच संप्रेरकाची नक्कल आहेत.

हा इतिहास थोडा गमतीचा आहे. अमेरिकेतल्या आयोवा विद्यापीठात एडवर्ड मेसन यांच्या लक्षात आलं, की अल्सरसाठी जठराचा भाग काढलेल्या बायका पुढे जाड होत नाहीत. त्यातून १९६६ साली त्यांनी पहिला गॅस्ट्रिक बायपास केला. मधुमेह कुणाच्या डोक्यातही नव्हता. पुढे नॉर्थ कॅरोलायनातल्या वॉल्टर पोरीज यांना दिसलं, की शस्त्रक्रियेनंतर काही दिवसांतच, वजन उतरण्याच्या आधीच, शुगर खाली येतेय. १९९५ मध्ये त्यांनी ते छापलं तेव्हा मधुमेहतज्ज्ञांनी भुवया उंचावल्या. आज जगभरच्या मधुमेह संघटना शस्त्रक्रियेला मधुमेहाचा एक उपचार म्हणून मान्यता देतात. आपल्याकडे २०११ साली नितीन गडकरींनी मुंबईत ही शस्त्रक्रिया करून घेतली तेव्हा बातमी वजनाची झाली. रुग्णही तेव्हापासून 'गडकरी साहेबांनी केली ती' म्हणून विचारू लागले. शुगरचं कुणी विचारत नसे.

मधुमेह 'जाईल' का? 'जाईल' हा शब्द मी कुणालाही देत नाही. जाहिरातींतले ऐंशी-नव्वद टक्के वाचून आला असाल, तर ते जरा बाजूला ठेवा. क्लीव्हलँड क्लिनिकच्या स्टॅम्पीड चाचणीत १५० मधुमेही होते, बीएमआय २७ ते ४३. पाच वर्षांनी एचबीए१सी ६ किंवा त्याखाली असलेले बायपासच्या गटात २९ टक्के होते, स्लीव्हच्या गटात २३ टक्के आणि नुसत्या औषधांवर ५ टक्के. वजनातली घट अनुक्रमे २३, १९ आणि ५ टक्के. स्वीडनच्या मोठ्या अभ्यासात, १९८७ पासून चालू असलेल्या, दोन वर्षांनी ७२ टक्के मधुमेहींची शुगर नॉर्मल झाली होती. दहा वर्षांनी ती ३६ टक्क्यांवर आली. म्हणजे निम्म्यांचा मधुमेह परतला. तरीसुद्धा त्याच अभ्यासात शस्त्रक्रिया झालेल्यांचं सरासरी आयुष्य इतर जाड लोकांपेक्षा तीन वर्षांनी जास्त निघालं. शुगर दहा वर्षं आटोक्यात राहिली आणि मग एक गोळी सुरू झाली, तर त्या दहा वर्षांत डोळे, मूत्रपिंडं आणि पायाच्या नसा वाचलेल्या असतात. मी याला अपयश म्हणत नाही.

तुमची बाजू बरी आहे, असं मी का म्हणतो? मधुमेह सहा वर्षांचा, इन्सुलिन अजून सुरू झालेलं नाही, गोळ्या दोनच आणि वय चाळिशीच्या आतलं. या चारही गोष्टी तुमच्या बाजूने आहेत. पाचवी म्हणजे सी-पेप्टाइड, तुमच्या स्वादुपिंडात इन्सुलिन किती शिल्लक आहे ते सांगणारी रक्तचाचणी. ती करून घ्या. पंधरा वर्षांचा मधुमेह, चाळीस युनिट इन्सुलिन आणि तळाला गेलेलं सी-पेप्टाइड घेऊन माणूस आला, तर वजन त्याचंही उतरतं, घोरणंही थांबतं, पण शुगरचं इंजेक्शन सहसा सुटत नाही. असे रुग्ण 'आधी का नाही कुणी सांगितलं' असं विचारतात तेव्हा माझ्याकडे उत्तर नसतं.

आता स्लीव्ह की बायपास. तुमच्या दोन्ही डॉक्टरांपैकी कुणीही चुकीचं सांगत नसेल. पण एंडोस्कोपी केल्याशिवाय दोघांनीही इतकं ठाम बोलू नये. छातीत जळजळ होते का, रात्री आंबट पाणी घशाशी येतं का, हे तुम्ही लिहिलेलं नाही आणि माझ्या मते निर्णय तिथेच फिरतो. स्लीव्हनंतर जठरातला दाब वाढतो आणि आम्लपित्त वर येतं. फिनलंडच्या चाचणीत दहा वर्षांनी एंडोस्कोपी केली, तेव्हा अन्ननलिकेला सूज स्लीव्हवाल्यांत ३१ टक्के होती आणि बायपासवाल्यांत ७ टक्के. तुमची अन्ननलिका आधीच भाजलेली निघाली किंवा मोठा हायटस हर्निया (जठराचा वरचा भाग छातीत सरकलेला) दिसला, तर स्लीव्ह करू नका. बायपास घ्या. अन्ननलिका स्वच्छ असेल तर दोन्ही वाटा मोकळ्या. मग मधुमेहाकडे बघून मी बायपासकडे थोडा झुकतो, आणि तुमच्या शाकाहाराकडे बघून पुन्हा थोडा मागे येतो.

शाकाहाराचं एवढं काय? आपल्याकडच्या शाकाहारी माणसाचं बी-१२ शस्त्रक्रियेआधीच खाली असतं, बायकांचं लोहही. बायपासमध्ये लोह, कॅल्शियम आणि बी-१२ हे तिन्ही शोषून घेण्याची मुख्य व्यवस्था वगळली जाते. गोळ्या आयुष्यभर घ्याव्या लागतात, 'आता बरं वाटतंय' म्हणून सोडता येत नाहीत. आपल्या देशात 'मिनी बायपास'ही खूप होतो. एकच जोड, वेळ कमी, शुगरवर परिणाम चांगला. पण त्यात आतडं किती लांबीचं वगळणार, ते डॉक्टरांना तोंडावर विचारा. फ्रान्सच्या चाचणीत २०० सेंटिमीटर वगळल्यावर जुलाब आणि कुपोषणाच्या तक्रारी नेहमीच्या बायपासपेक्षा जास्त निघाल्या होत्या. शाकाहारी बाईला इतकी लांबी देताना मी दहा वेळा विचार करतो.

रोजची प्रथिनं ६० ते ८० ग्रॅम हवीत, तीही वाटीभर जठरात. वरण-भातात ती बसत नाहीत. घट्ट वरणाच्या वाटीत सहा-सात ग्रॅमच्या वर जात नाही. पनीर, सोयाबीन, टोफू, घट्ट दही, मोडाची उसळ आणि प्रथिनांची पावडर यांवरच गाडी चालवावी लागते. अंडं चालत असेल तर फार सोपं होतं, पण तो तुमच्या घरचा प्रश्न. ताटात आधी उसळ किंवा पनीर, मग भाजी, आणि जागा उरली तर भाकरीचा चतकोर. रुग्णांना सगळ्यात जड जातं ते हेच, कारण आपलं जेवण भाकरीपासून सुरू होतं. पहिले काही महिने चपाती आणि मोकळा भात अडकतातही. नीट न चावलेला घास छातीच्या मधोमध थांबतो, तोंडाला पाणी सुटतं आणि तो उलटून पडल्याशिवाय बरं वाटत नाही. एकदा झालं की रुग्ण आपोआप हळू जेवायला शिकतात. जेवताना पाणी नाही, नंतरही अर्धा तास नाही. उपवास करत असाल तर एवढंच सांगतो, की साबुदाण्याची खिचडी म्हणजे पिठाचा गोळा आणि तुपाची धार, त्यात प्रथिनं जवळपास शून्य. पहिल्या वर्षी चातुर्मास, निर्जळी एकादशी वगैरे देवाला सांगून बाजूला ठेवा.

इंजेक्शनांविषयी. टिर्झेपेटाइड आणि वजनासाठीचं सेमाग्लुटाइड २०२५ मध्ये भारतात आलं आणि माझ्या ओपीडीतली चर्चाच बदलली. औषधं उत्तम आहेत. शस्त्रक्रिया करणारा डॉक्टर त्यांना नावं ठेवताना दिसला तर जरा सावध व्हा. पण जाहिरातीत २० टक्के घट सांगतात ती मधुमेह नसलेल्या लोकांतली. मधुमेहींच्या चाचण्यांत टिर्झेपेटाइडच्या सगळ्यात मोठ्या डोसला सुमारे १५ टक्के आणि सेमाग्लुटाइडला १० टक्क्यांच्या आत घट मिळाली. तुमच्या बाबतीत १०२ वरून ८७ किंवा ९२, असा तो हिशेब. शस्त्रक्रियेने वर्ष-दीड वर्षात तुम्ही साधारण ७४ ते ७८ च्या आसपास याल असा माझा अंदाज आहे. मधुमेहींत शस्त्रक्रियेनेही वजन जरा कमीच उतरतं, ते धरून. दुसरं, सेमाग्लुटाइड थांबवल्यावर वर्षभरात उतरलेल्या वजनातलं दोन तृतीयांश परत आलेलं दिसलं. म्हणजे इंजेक्शन घ्यायचं तर ब्लडप्रेशरच्या गोळीसारखं घ्यायचं, लग्नसराईपुरतं नाही. बीएमआय ३०-३२ असलेली बाई मला विचारते तेव्हा मी तिला आधी इंजेक्शनच सांगतो. दीडशे किलोच्या रुग्णाला शस्त्रक्रियेआधी वजन थोडं उतरवायला देतो, आणि शस्त्रक्रियेनंतर पाच-सात वर्षांनी वजन वर सरकू लागलं तर तेव्हाही देतो. तुम्हालाही पुढे कधी लागू शकतं. दोन्ही उपचार एकमेकांचे वैरी नाहीत.

वजन परत येतं का? थोडं येतं. सगळ्यात कमी वजन दीड-दोन वर्षांच्या आसपास दिसतं, त्यानंतर चार-सहा किलो वर येणं हे शरीराचं नेहमीचं वागणं आहे. सगळंच्या सगळं परतलेले रुग्णही मी पाहिलेत. त्यांच्यात बहुधा एक गोष्ट सारखी असते: पातळ किंवा सहज खाली सरकणारे उष्मांक. शस्त्रक्रियेने ताटभर जेवण अडतं, पण आइस्क्रीम, साखरेचा चहा, फरसाणचा बकाणा, दारू हे काहीच अडत नाही. दारूचं वेगळं सांगतो, तुम्हाला नाही तर वाचणाऱ्या पुरुषांना. शस्त्रक्रियेनंतर, विशेषतः बायपासनंतर, ती रक्तात झपाट्याने चढते आणि आधी मर्यादेत पिणारी काही माणसं नंतर आहारी जातात.

धोके लपवत नाही. चांगल्या केंद्रात या शस्त्रक्रियेने जीव जाण्याची शक्यता हजारात एकाच्या आसपास, म्हणजे पित्ताशयाच्या शस्त्रक्रियेच्या जवळपास. पिनांच्या रांगेतून गळती शंभरात एखाद्याला होते आणि बऱ्याचदा घरी गेल्यावर, पहिल्या दोन आठवड्यांत होते. जाड माणसाचं पोट गळती होऊनही मऊच लागतं, म्हणून पोट दाबून काही कळत नाही. नाडी बघायची. बसल्या जागी नाडी १२० च्या वर, ताप, डाव्या खांद्यात दुखणं, दम लागणं किंवा 'काहीतरी बरोबर वाटत नाहीये' अशी बेचैनी: यातलं काहीही दिसलं तर सकाळची वाट न बघता ज्यांनी शस्त्रक्रिया केली त्यांच्याकडेच जायचं. पायातल्या शिरेत गाठ होऊ नये म्हणून त्याच संध्याकाळी नर्स तुम्हाला उठवून चालवेल, तिच्यावर चिडू नका. वजन झपाट्याने उतरताना पित्ताशयात खडे होतात, त्यासाठी सहा महिने एक गोळी असते. तिसऱ्या-चौथ्या महिन्यात केस मुठीने गळतात आणि बायका घाबरून फोन करतात. प्रथिनं आणि लोह नीट असेल तर परत येतात. बायपास झाल्यावर गुडघा दुखला म्हणून मेडिकलमधून डायक्लोफेनॅक आणून खायचं नाही, जोडाच्या जागी अल्सर होतो. तंबाखूनेही होतो, आणि तंबाखूत मशेरी येते. 'तुम्ही तंबाखू खाता का' विचारलं की बायका नाही म्हणतात. 'दात कशाने घासता' विचारलं की खरं उत्तर येतं.

एक गुंतागुंत मात्र मी प्रत्येक रुग्णाच्या नवऱ्याला समोर बसवून सांगतो. स्लीव्ह होऊन तीन-चार आठवडे झालेली एक मुलगी घरच्या लग्नात पुरी खाऊन बसली. उलट्या सुरू झाल्या त्या थांबेनात. घरच्यांनी ॲसिडिटी समजून आठवडाभर काढला. मग जवळच्या दवाखान्यात नेलं, तिथे अशक्तपणासाठी ग्लुकोजच्या बाटल्या लावल्या. दुसऱ्या दिवसापासून तिला एकाची दोन माणसं दिसायला लागली आणि बाथरूमपर्यंत चालताना तोल जाऊ लागला. माझ्याकडे आणली तेव्हा डोळे बाहेरच्या बाजूला वळत नव्हते. हा बी-१ जीवनसत्त्वाचा, म्हणजे थायमिनचा, तुटवडा. शरीरात त्याचा साठा दोन-तीन आठवड्यांपुरताच असतो, आणि नुसतं ग्लुकोज दिलं की उरलंसुरलं थायमिनही त्यात खर्च होतं. शिरेतून थायमिन सुरू केल्यावर डोळे लवकर सुधारले. चाल पूर्ववत व्हायला कित्येक महिने गेले. म्हणून माझ्या डिस्चार्ज कार्डावर वरच मराठीत ठळक छापलेलं असतं: 'उलट्या होत असल्यास ग्लुकोजच्या आधी थायमिन द्या.' तुम्ही कुणाकडेही शस्त्रक्रिया करा, हे वाक्य कार्डावर लिहून मागा.

मुलाबाळांचा विचार अजून संपला नसेल तर तेही आधी बोला. शस्त्रक्रियेनंतर बारा ते अठरा महिने गर्भधारणा टाळायची असते आणि वजन उतरायला लागलं की अनियमित पाळी अचानक सुरळीत होते, त्यामुळे ध्यानीमनी नसताना दिवस राहतात. गर्भनिरोधक गोळीवर बायपासनंतर भरवसा ठेवू नये. तांबी बसवून घ्या.

मेडिक्लेम. विमा नियामकाने ठरवून दिलेल्या शब्दांप्रमाणे लठ्ठपणाची शस्त्रक्रिया सरसकट वगळलेली नाही. वय १८ किंवा जास्त, डॉक्टरांचा सल्ला, आधी साधे उपाय करून अपयश आलेलं, आणि बीएमआय ४० किंवा जास्त; किंवा ३५ किंवा जास्त आणि सोबत हृदयविकार, तीव्र स्लीप ॲप्निया (झोपेत श्वास अडकणं) किंवा आटोक्यात नसलेला टाइप-२ मधुमेह. बीएमआयच्या पहिल्याच अटीत तुम्ही बसता. अडतं ते दोन ठिकाणी. पॉलिसीत या शस्त्रक्रियेसाठी प्रतीक्षा काळ असतो, तो उलटला आहे का बघा. आणि 'साधे उपाय करून पाहिले' याचा कागद लागतो. त्या तीन डाएटिशियनच्या फायली फेकल्या नसतील अशी आशा आहे. उंची-वजन डॉक्टरांच्या लेटरहेडवर तारखेसह लिहून घ्या. बुटांसकट मोजलेल्या उंचीने बीएमआय चाळिशीखाली घसरून क्लेम अडकल्याचं मी पाहिलं आहे.

केंद्र निवडताना 'आतापर्यंत किती केल्या' एवढंच विचारू नका. आहारतज्ज्ञ तिथे रोज बसतात की फोनवरच असतात, रात्री दोनला उलटी झाली तर फोन कोण उचलतं, पाच वर्षांपूर्वीचे किती रुग्ण अजून तपासणीला येतात, हे विचारा. आणि स्टेपलरची काडतुसं नवी वापरणार ना, बिलात त्यांचे स्टिकर लावणार ना, हेही विचारा. खर्चाचा मोठा भाग तोच असतो आणि फार स्वस्त 'पॅकेज' तिथेच कुठेतरी स्वस्त झालेलं असतं.

आता लगेच करण्यासारखं. एंडोस्कोपी, पोटाची सोनोग्राफी, सी-पेप्टाइड, बी-१२, डी जीवनसत्त्व, फेरिटिन (लोहाचा साठा), थायरॉइड आणि झोपेची चाचणी, हे सगळं जिल्ह्याच्या गावी होतं, त्यासाठी पुण्या-मुंबईला यायची गरज नाही. झोपेची चाचणी टाळू नका. श्वास अडकत असल्याचं निघालं तर शस्त्रक्रियेआधी काही आठवडे रात्री सीपॅप मशीन (हवेच्या दाबाने श्वासाची वाट उघडी ठेवणारं) लावावं लागेल, भूल त्यानेच सुरक्षित होते आणि दुपारची डुलकीही तेव्हाच जाईल. जठरात एच. पायलोरी जंतू सापडला तर त्याचा कोर्स आधी पूर्ण करा. शस्त्रक्रियेच्या आधी यकृत आकसावं म्हणून दोन आठवडे कमी उष्मांकांचा आहार देतात. तो सुरू होण्याआधी तुमच्या मधुमेहाच्या डॉक्टरांना डॅपाग्लिफ्लोझिन कधी थांबवायचं ते विचारा. ही गोळी शस्त्रक्रियेआधी किमान तीन दिवस बंद हवीच. उपाशीपोटी ती चालू राहिली तर शुगर २०० च्या आत दिसत असतानाही रक्तात आम्ल साठतं, आणि शुगर ठीक म्हणून कुणाच्या लक्षात येत नाही. भूलतज्ज्ञांना भेटाल तेव्हा गोळीचं रिकामं पाकीटच सोबत न्या, नाव सांगताना गडबड होते.